टेकडीचा आकडा

"सही मी करणार नाही," म्हणत तिने अहवाल संचालकांच्या टेबलावर परत सरकवला.

झालं! अख्ख्या ऑफिसचा विरस. टेकडीवाल्या बाईंच्या सत्काराचा हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते. उजाड टेकडीवर बाईंनी उभं आयुष्य घालून झाडं जगवली होती. आता टेकडीवरच्या रेकॉर्डिंगमधून काढलेला आकडाच सांगत होता, की लागवडीआधीच्या मानाने तिथले पक्ष्या-किड्यांचे आवाज दुपटीने समृद्ध झालेत. टेकडी स्वतःच्या पायावर उभी राहिली, असं अहवाल म्हणत होता. म्हणून तिचं पाणी आणि राखणदार उन्हाळ्याआधी दुसरीकडे हलवायचे होते. सगळं छान जुळून आलेलं, आणि या बयेला नेमकं आताच खुसपट काढायचं होतं.

"आकड्यात चूक काय आहे?" संचालकांनी विचारलं.

"आकड्यात नाही, तुलनेत आहे. जुन्या यंत्राचा सॅम्पलिंग रेट कमी होता. नवं यंत्र सेकंदाला त्याच्या तिप्पट वेळा आवाज टिपतं. किड्यांची बारीक किरकिर नव्यात येते, जुन्यात येऊच शकत नव्हती. काल मोठ्या भोकांचं जाळं टाकायचं, आज बारीक भोकांचं, आणि म्हणायचं तळ्यात मासे वाढले."

एवढ्या बारकाव्यात कोण बघतंय, असं म्हणून संचालकांनी समजुतीचा सूर लावला. तो लागू पडेना, तसा आवाज उतरवला.

"हे काम मी मुद्दाम तुझ्याकडे दिलं होतं. तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती."

"म्हणून तर नीट केलं."

बाहेर शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने तिला गाठलं. बाईंचं वय झालंय, हयातीत एकदाच कौतुक होतंय, त्यात माती कशाला कालवतेस, म्हणाला. तिला असा राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. कौतुक गेलं चुलीत, असं त्याला सुनावून ती कॉम्प्युटरपाशी परत आली.

सगळी नवी रेकॉर्डिंग तिने जुन्या मापावर उतरवली. मग संचालकांना शेजारी बसवून जुन्या-नव्या दोन्हींचे आकडे त्यांच्यादेखत काढले. दुप्पट कसलं नि काय! वाढ जेमतेम नखभर. टेकडी कुठली पायावर उभी राहतेय, अजून रांगतच होती.

संचालकांनी पेन उचलून पाणी हलवण्याच्या ओळीवर काट मारली. सत्काराच्या ओळीवरही मारली, पण घुश्शात.

"आता बाईंना तूच सांग, माझ्यासमोर. माझ्यात ती हिंमत नाही."

तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आई, तुझा सत्कार रद्द झाला. माझ्यामुळे."

पलीकडून घाईघाईने आवाज आला, "मरू दे तो. पाणी नाही ना तोडणार आता?"