गाभोळीचा जिताडा

"आई, दोरी थोडी सैल सोडा, तुटेल!" मागे वल्हं धरून बसलेली सून ओरडली. जन्मभर मासळी विकलेल्या चांगुणाने आज पहिल्यांदाच गळ टाकला होता, आणि गळाला लागलेला जिताडा मासा अख्खी कयाक खाडीभर ओढत होता.

अखेर सुनेने त्याला जाळीत घेतलं आणि पाण्यातच धरून ठेवलं. चांगुणाने पोटावरून हात फिरवला मात्र, तिचा चेहरा उजळला. "अगं, ही तर गाभोळीने भरलीय, पोटभर अंडी आहेत! गळ काढ, सोडू तिला."

गळ अलगद निघाला, पण मासा लुळा पडला. चांगुणाने त्याला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरलं. "श्वास घे बये, श्वास घे."

कल्ले हलले. मग शेपटीचा असा फटका बसला की दोघी चिंब भिजल्या.

"गेली!" चांगुणा टाळ्या पिटत ओरडली. "दे गं तो गळ, अजून एक लावू या!"