उभी गाडी

खाली उभ्या केलेल्या गाडीत मास्तर एकटेच बसून हसले, आणि गॅलरीत उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं हातातला ओला टॉवेल तसाच कठड्यावर टाकला.

बोलत होते तोवर एक वेळ ठीक होतं. गेले काही रविवार ती हेच बघत आली होती. दुपारचं जेवण झालं की मास्तर "जरा गाडी बघून येतो" म्हणत खाली उतरायचे, काचा वर करायचे, मोबाइल समोर टेकवायचे आणि बोलत बसायचे. तेही चांगले हातवारे करून. घरात या माणसाच्या तोंडून तीनच शब्द निघत: हो, नाही आणि बघू. आणि आज तर स्वारी हसली!

शेजारीण म्हणाली होती, "लक्ष ठेव गं, पुरुषांचं काही सांगता येत नाही." पण बाईबिईची भीती तिला नव्हती. आठवडा आठवडा दाढीला हात न लावणारा माणूस कुठली बाई गटवणार? तिला खुपत होतं ते वेगळंच. मास्तरांकडे इतके शब्द शिल्लक होते आणि त्यातला एकही तिच्या वाट्याला येत नव्हता.

चपला न घालताच ती खाली उतरली.

गाडी शिकवणीची होती. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, बंपरवर शिकणाऱ्यांच्या कृपेचे पोचे. मास्तर नेहमीप्रमाणे शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते. त्या सीटसमोर स्टिअरिंग नसतं, पायाशी फक्त एक जादा ब्रेक असतो. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती, बायकोला मात्र येत नव्हती. दिव्याखाली अंधार. एकदा शिकवायला घेतली, तर पहिल्याच वळणावर दोघांचं असं वाजलं की ती गाडीतून उतरून घरी चालत आली होती.

मागे बसलं असतं तर मोबाइल दिसला नसता. म्हणून तिनं स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसली. पडद्यावर त्यांच्या लेकीच्या वयाची एक चष्मेवाली मुलगी होती.

"काका, कुणी आलंय का?"

"बायको," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "काउन्सेलर आहे ही. मन जरा बरं नसतं ना माझं हल्ली. लेकीनं लावून दिलंय."

म्हणजे लेकीला ठाऊक! तिच्या जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं, पण तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, हा वेळ तुमचा आहे. त्यांनी बाहेर थांबावं असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा. तुम्ही ठरवा."

तिनं नकळत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. जा म्हणाले असते तर ती गेली असती, एक शब्दही बोलली नसती. पण मग पुन्हा कधी या दाराशी आली नसती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती.

"बसू दे," मास्तर शेवटी म्हणाले. "फक्त तिनं विचारायचं नाही."

"काय विचारायचं नाही?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं.

"काय झालं म्हणून. तेवढं विचारलं की माझी बोलतीच बंद होते. अहो, झालेलं काहीच नाही. धंदा ठीक चाललाय, लेक सुखात आहे, हिची काही तक्रार नाही. आणि सकाळी उठून तोंड धुवायचं म्हटलं तरी डोंगर चढायचाय असं वाटतं. काही झालंच नाही, तर हिला सांगू काय?"

नेमका तोच प्रश्न तिच्या ओठांवर होता. चहा देताना, ताट वाढताना, दिवा मालवताना ती रोज तोच तर विचारत आली होती. तो तिनं गिळला. पण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"मग मघाशी हसलात कशाला?" तिनं विचारलं.

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना चालला असावा.

"त्या बँकेतल्या बाई शिकायला येतात ना, त्या काल म्हणाल्या, मास्तर, हल्ली तुम्ही ओरडतच नाही. आम्हाला कळायचं कसं, बरोबर चाललंय की चुकतंय?"

तीही हसली. हसता हसता थांबली. घरातसुद्धा ते कित्येक महिन्यांत ओरडले नव्हते. मीठ जास्त झालं तरी नाही, टॉवेल सापडला नाही तरी नाही. तिला वाटलं होतं, वयाबरोबर माणूस निवळला. शेजारणीला तिनं हे कौतुकानं सांगितलंही होतं.

डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिनं मान खाली घातली, आणि तिला मास्तरांचा पाय दिसला. त्या जादा ब्रेकवर तो पूर्ण जोर देऊन दाबलेला होता. पोटरी ताठ झाली होती. गाडीची किल्ली समोर डॅशबोर्डवर पडलेली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "गाडी बंद आहे. पाय काढा ना."

मास्तरांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पाय उचलला, आणि तो आता कुठे ठेवायचा हे काही त्यांना सुचेना.