पहिला आवाज

"कोणाक सांगलंस तरी तुझा कोण आयकतलो?" शाळेचा मास्तर शेवंतीला दर वेळी हेच म्हणायचा. गावात त्याच्यापुढून कुणी पायात वहाण घालून जात नसे. तरी दहा वर्षांच्या शेवंतीने सांगितलं. आधी आयेला, मग फौजदाराला आणि शेवटी रत्नागिरीच्या कोर्टात, मास्तराच्या डोळ्यांत डोळे घालून.

निकाल ऐकायला सगळा गाव कोर्टात दाटीवाटीने बसला होता. न्यायाधीश म्हणाले, "मुलीची साक्ष खरी आहे. आईबापांनी विश्वासाने हाती सोपवलेल्या लेकरावर शिक्षकाने अत्याचार केला, म्हणून दयेचा प्रश्नच येत नाही. सात वर्षं सक्तमजुरी."

"व्हय म्हाराजा!" मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

देवळात गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव असाच होकार देतो. जन्माची सवय ती. कोर्टाचं भान कुणाला राहिलं नाही. सगळा गाव एका दमात गरजला, "व्हय म्हाराजा!" शेवंतीने दचकून मागे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

पट्टेवाला धावला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे देऊळ नाही. सुरुवात कोणी केली?"

मग शेवटच्या बाकावरून म्हातारी काशीबाई पदर सावरत उठली.

"मियां केलंय, म्हाराजा. मी ह्या मास्तराची आवस, ह्येका जन्म दिलंय मियां."