एकाहत्तर अंश

"डोळे मिटा, काका. उजवा गुडघा जसा वाटतोय, तसाच डावा वाकवा," सुमेधा म्हणाली.

सूर्यभानकाकांनी डावा पाय वाकवला. उजवा नव्हताच. शुगरपायी तो दोन महिन्यांपूर्वी मांडीतून कापावा लागला होता. पण नसलेला गुडघा आखडून ठणकायचा, आणि ते थांबल्याशिवाय कृत्रिम पाय बसवता येत नव्हता.

सुमेधाने डाव्या गुडघ्याला कोनमापक लावला. तिच्या बाजूने आकडे कागदाने झाकलेले होते. पलीकडून तिचा सहकारी प्रमोद वाचत होता. मोजणाऱ्याला आकडा दिसू द्यायचा नाही, म्हणजे मन हाताला फसवत नाही, अशी तारनाक्याच्या त्यांच्या फिजिओथेरपी दवाखान्याची शिस्त.

"एकाहत्तर."

मग प्रमोदने मोजलं, सुमेधाने वाचलं. एकाहत्तर.

जिवंत सांधा असा कधी वागत नाही. दोघांनी मोजलं की चार-पाच अंश इकडेतिकडे व्हायचेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथे तीन आठवडे, रोज सहा वेळा, एकाहत्तर. "असलेल्या पायापेक्षा नसलेला इमानदार!" अशी थट्टा प्रमोदने आधी केली होती. आता तो हसत नव्हता. सुमेधाला तर कोनमापक हातात धरायचीच भीती वाटू लागली होती.

"सरळ करून द्या ना, ताई," काका कळवळले. "झोप न्हाई की काय न्हाई."

सुमेधा कोनमापक घेऊन खोलीबाहेर पडली, तसा त्यांचा मुलगा अमरदीप तिच्यामागून आला. "मॅडम, एकाहत्तर म्हणजे नेमकं किती?"

तिने कोनमापकाच्या दोन पट्ट्या तेवढ्या वाकवून दाखवल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कापलेला पाय आमच्या हवाली केला होता. अंबरपेठच्या स्मशानात मी एकट्यानंच पुरला. खाली पूरा कातळ लागला, खड्डा आखूड पडला. मग गुडघ्यात एवढाच वाकवून ठेवला." त्याने मागे दाराकडे पाहिलं. "बाबांना सांगू नका. उद्या सकाळीच पहार घेऊन जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सुनेबरोबर आले. त्यांनी डोळे मिटले. सुमेधाने कोनमापक लावला.

"एकाहत्तर," प्रमोद म्हणाला. मग त्याचा आवाज अडखळला. "साठ... चाळीस..."

काकांचा डावा पाय आपोआप उलगडत होता. तो पार सरळ झाला.

"शून्य."

काकांनी लांब श्वास सोडला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"हौ, झालं. अमरदीपला म्हणावं, बास बेटा. आता माती लोट."