मामाचा मान

सूतगिरणी बंद पडल्यावर भालचंद्रने मसाले विकले, शेवयांचं यंत्र घेतलं, मग शाळेचे गणवेश शिवले. एकही धंदा टिकला नाही. शेजारचे आजोबा गेले, तेव्हा त्यांच्या मुलाला बांबू, मडकं, गुरुजी कुठून आणायचे ते कळेना. भालचंद्रने सगळं जमवून दिलं आणि त्यातच त्याला नवं काम सापडलं. इचलकरंजीत कुणाकडे मयत झालं की लोक त्याला फोन करू लागले.

त्याची बहीण शैला हिच्या सासूबाई गेल्या तेव्हाही पहिला फोन त्यालाच आला. "दादा, तू होतास म्हणून निभावलं," म्हणत ती त्याच्यापाशी रडली होती.

पुढच्या वर्षी शैलाच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. भाचीला बोहल्यावर मामाने न्यायचं, म्हणून भालचंद्रने नवा फेटा आणला. आदल्या दिवशी शैला आली, पण चहा घेईना.

"ऋतुजाला आपल्या मावशीचा प्रकाश नेईल," ती म्हणाली. "तोही मामाच की. तिकडची माणसं तुझ्या कामावरून कुजबुजतात रे. तू संध्याकाळी जेवायला ये."

"आणि तुला काय वाटतं?"

"तिचं चांगलं व्हावं, एवढंच," ती खाली बघत म्हणाली.

भालचंद्र लग्नाला गेलाच नाही. मुहूर्ताच्या वेळी तो एका परक्या अंगणात होता. गेलेल्या माणसामागे दोन मुलीच होत्या, नातेवाईक लांब उभे होते. थोरली तिरडीपाशी येऊन थांबली.

"वडिलांना खांदा दे, बाळ," तो म्हणाला. "मी मागे आहे."