तोरणातलं बी

मिलिंदच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. माझा हा जुना विद्यार्थी आता भातावर संशोधन करतो. त्याने लिहिलं होतं, "सर, मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात मीठ सोसणारं जनुक सापडलंय. तसंच भातात शोधतोय. तुमच्या मानकोलीच्या खाऱ्या शेतातलं बी पाठवाल?"

त्या शेतावर मुलाने गोदाम बांधलंय. ते भात उरलं होतं फक्त दारावर, लोंब्यांच्या तोरणात. माझ्या ठेंगण्या बायकोने, सीताने, तिच्या शेवटच्या दसऱ्याला बांधलेलं, माझ्या कपाळाला लागेल इतकं खाली.

"आईंच्या हातचं हाय, अप्पा," सून म्हणाली. "आन् आता ते रुजल का?"

"न्हाय. पण मेलेल्या दाण्यातलंही जनुक वाचता येतं म्हणे."


तोरण उतरवून पाकिटात घातलं, पोस्टात टाकून आलो आणि मोकळ्या दारातही वाकूनच आत शिरलो.