मुलीचंही रक्त

दारूचा थेंबही न घेतलेल्या विजयमालाचं यकृत जुन्या 'ब' प्रकारच्या काविळीनं आकसत गेलं होतं. त्यामुळे कर्करोगाच्या भीतीनं ती दर सहा महिन्यांनी मानोऱ्याहून वाशिमला तपासणीला जाई. या खेपेला सोनोग्राफी स्वच्छ आली, पण यकृताच्या कर्करोगाची शंका आणणारं रक्तातलं एएफपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन सांगितला. "लेकीचं लग्न होऊ द्या, मंग पाहू," ती म्हणाली. लेकीनं, योगिनीनं, ऐकलं नाही. होणाऱ्या नवऱ्यालाच, प्रज्वलला, गाडी घेऊन बोलावलं. स्कॅनमध्ये बोराएवढी गाठ दिसली. "लवकर सापडली, उपचार होतील," डॉक्टर म्हणाले. "पण ही कावीळ जन्मताना आईकडून लेकराला होऊ शकते. मुलीचंही रक्त तपासा." विजयमालानं धास्तावून प्रज्वलकडे पाहिलं. आता सोयरीक मोडते की काय? योगिनीनं बाही वर केली. प्रज्वल शेजारी बसून आपलीही बाही वर सारत म्हणाला, "आई, भेता कायले? मीबी देतो."